मासा पिशवीत मरतो की टाकीत?

"ऑनलाइन मासे मागवू नका, वाटेतच मरतात. दुकानातून घ्या, निदान डोळ्यांनी बघून तरी घेता येतात." घरात फिश टँक आणायचं नुसतं बोलून दाखवलं तरी ओळखीपाळखीतून हा सल्ला येतोच. मासे पाळण्याचा अनुभव असलेली मंडळीही तो देतात आणि नवखा माणूस निमूटपणे मान डोलावतो.

सल्ल्याचा दुसरा भाग, म्हणजे बघून घेण्याचा, खरा आहे. पहिला भाग मात्र फार ठामपणे आणि फार थोड्या आधारावर सांगितला जातो. त्यामुळे माशांचं नुकसान होतं, कारण खरा दोष जिथे आहे तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आधी एक साधा प्रश्न. दुकानातला मासा दुकानात आला कुठून? आपल्याकडे शोभेच्या माशांची मोठी पैदास पश्चिम बंगाल आणि तमिळनाडूत होते. हावडा, हुगली, चोवीस परगणा या भागांतली तळी आणि चेन्नईचं कोळत्तूर ही त्यातली ठळक ठिकाणं. तिथून मासे पिशव्यांत भरून विमानाने किंवा रेल्वेने मुंबईला येतात. कुर्ल्याच्या घाऊक बाजारात पिशव्या सुटतात, मासे नव्या पाण्यात पडतात आणि लगेच पुन्हा पिशवीत भरून रातोरात ट्रॅव्हल्सच्या बसने कोल्हापूर, नाशिक, नांदेडच्या दुकानांत पोचतात. बंगालच्या तळ्यापासून मोजलं तर गिऱ्हाइकाच्या घरचं पाणी हे त्या माशाचं चौथं पाणी असतं.

म्हणजे दुकानातला मासासुद्धा पार्सलनेच आलेला असतो. फरक एवढाच की ते पार्सल दुकानदाराने फोडलेलं असतं आणि त्यात किती मासे मेलेले निघाले ते गिऱ्हाइकाला कळत नाही. उलट, पैदास करणाऱ्याकडून थेट मागवलेला मासा एकदाच पिशवीत जातो आणि एकदाच बाहेर येतो. ऑनलाइन विकणारा प्रत्येक जण स्वतः पैदास करतो असं नाही. अनेक जण त्याच घाऊक बाजारातून माल उचलतात. म्हणून मासे कुणी वाढवले आणि ते विक्रेत्याकडे किती दिवस आहेत, हे आधी विचारायला हवं.

प्रवासाची तयारी नीट केली असेल तर ती बघण्यासारखी असते. मासे एक-दोन दिवस उपाशी ठेवले जातात, म्हणजे वाटेत विष्ठा कमी होते. पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी घेतात. वरची हवा हाताने दाबून काढून टाकतात, सिलिंडरची नळी आत सरकवून शुद्ध ऑक्सिजन भरतात आणि तोंडाला पीळ देऊन रबर बँड आवळतात. पिशवीचे खालचे कोपरे दुमडून चिकटवतात, नाहीतर लहान मासे कोपऱ्यात अडकून चेपतात. मग ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत घालतात आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात ठेवतात. अंधारात मासे शांत राहतात, ऑक्सिजन कमी वापरतात. अशा पिशवीत बहुतेक लहान गोड्या पाण्यातले मासे चोवीस तास सहज काढतात, जास्तही काढतात. विमानाने जिवंत प्राणी पाठवण्यासाठी तर 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्वतंत्र नियमावलीच आहे आणि जगभरचा शोभेच्या माशांचा व्यापार अशाच पिशव्यांवर चालतो.

मग वाटेत मासे मरतच नाहीत? मरतात. दाटीवाटीने भरले, पार्सल एक दिवस अडकून पडलं किंवा मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या गोदामात खोकं तापलं, तर मरतात. पाण्याचं तापमान दहा अंशांनी चढलं की माशाच्या शरीरातला ऑक्सिजनचा खर्च जवळपास दुप्पट होतो. पण हे मरण खोकं उघडताक्षणी दिसतं. व्यापारात त्याला 'डीओए', म्हणजे पोचताना मेलेला, म्हणतात आणि न फोडलेल्या पिशवीचा व्हिडिओ पाठवला तर बरेच विक्रेते मासे बदलून देतात. थोडक्यात, या मृत्यूंचा हिशेब तरी ठेवला जातो.

त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत जे मासे मरतात, त्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. खरी गोष्ट इथे आहे. सिंगापूरमधल्या शोभेच्या माशांच्या निर्यातीतल्या पॅकिंग पद्धतींचा आढावा लिम, धर्ट आणि सॉर्गेलूस यांनी 2003 साली 'ॲक्वाकल्चर रिसर्च' या नियतकालिकात घेतला. गप्पीवर केलेल्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी दाखवलं की माशाची ताण सोसण्याची ताकद आणि प्रवासानंतर होणारे मृत्यू यांचा जवळचा संबंध आहे. म्हणून या व्यापाराने नुसतं पिशवीतलं पाणी सांभाळून भागणार नाही, माशाची ही ताकदही वाढवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रवासाने मासा थकतो. थकलेला मासा नंतर ज्या पाण्यात पडतो, ते पाणी त्याचं भवितव्य ठरवतं.

आणि आपल्याकडे तो कुठल्या पाण्यात पडतो? मुलाच्या वाढदिवसाला सकाळी टाकी, खडे, फिल्टर आणि बारा मासे एकदम घरी आणले जातात. नळाचं पाणी भरलं की दुपारी मासे आत. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच तयार होतो. त्याचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, पण नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यातलं दुसऱ्या टप्प्याचं काम 'नायट्रोबॅक्टर' करतो असं पूर्वी मानलं जाई. टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी 1998 साली गोड्या पाण्याच्या टाक्या तपासून दाखवलं की तिथे हे काम 'नायट्रोस्पायरा'च्या जातकुळीतले जिवाणू करतात. जिवाणूंची ही वस्ती तयार होण्याआधी सोडलेला मासा स्वतःच्याच अमोनियात राहतो. त्याचे कल्ले जळतात. नायट्राइट वाढलं की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते आणि मासा पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करत राहतो. घरच्यांना वाटतं, भूक लागली आहे. मग ते आणखी खाणं टाकतात.

असा मासा पाचव्या दिवशी मेला आणि तो दुकानातला असला, तर लोक म्हणतात, नशीब. तो ऑनलाइन मागवलेला असला, तर म्हणतात, बघा, सांगितलं होतं ना! मासा तोच, टाकी तीच, मरणाचं कारणही तेच. निष्कर्ष मात्र वेगळे. वर्षानुवर्षं हा गैरसमज असाच पोसला गेला आहे आणि शंभर-दोनशे लिटरची महागडी टाकी घेणारी माणसंही काहीशे रुपयांचं अमोनिया टेस्ट किट घ्यायला तयार होत नाहीत.

या गैरसमजाची सगळ्यात घातक शाखा पिशवी उघडण्याच्या पद्धतीत आहे. "लांबून आलेल्या माशाला सवय होऊ द्या, पिशवी उघडून तासभर थेंबथेंब टाकीचं पाणी घाला" असं सांगितलं जातं. हेतू चांगला, परिणाम उलटा. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लधर्मी होत जातं. पीएच उतरला की साठलेला बहुतांश अमोनिया 'अमोनियम' या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण सुमारे दहापट होतं. 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो, पीएच 8 असताना पाच टक्क्यांच्या वर. मराठवाड्यातल्या एखाद्या बोअरचं जड, पीएच जास्त असलेलं पाणी त्या पिशवीत थेंबथेंब सोडणं म्हणजे त्याच पिशवीत मासा ठेवून विष चढवत नेणं.

म्हणून दिवसभर प्रवास करून आलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळतं. टाकीचा दिवा बंद ठेवावा. मग पिशवी उघडून मासे जाळीने अलगद उचलून टाकीत सोडावेत आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं. विक्रेत्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, आधीच विचारून ठेवला, तर क्षारांमधला मोठा फरक आगाऊ जुळवता येतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून वीस मिनिटांत घरी आणलेल्या पिशवीत अमोनिया जेमतेम साठलेला असतो. तिथे हळूहळू पाणी मिसळण्याची जुनी पद्धत चालते. म्हणजे पद्धत ठरवायची ती मासा पिशवीत किती तास होता यावरून.

आता दुकानाच्या बाजूचं, कारण चांगल्या दुकानाला पर्याय नाही. तिथे मासा खाताना बघता येतो आणि ही सवलत कुठल्याही फोटोत नाही. दुकानदाराला चिमूटभर खाणं टाकायला सांगावं. जो मासा झेप घेऊन येत नाही, तो घेऊ नये. पर मिटलेले, पोट आत गेलेलं, कल्ल्यांची धडधड फार वेगात, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, विष्ठेचा पांढरट लांब दोरा: यातलं काहीही एका माशात दिसलं, तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नये. आणि माल आला त्याच दिवशी तर अजिबात घेऊ नये. पसंत पडलेल्या माशांचे पैसे आगाऊ देऊन ते आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगावेत. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही आणि प्रवासानंतरचा कठीण काळ त्याच्या टाकीत पार पडतो.

"दुकानात बघून घेतला, आता वेगळा ठेवायची गरज नाही" हा गैरसमज इथूनच निघतो. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, 'इक', माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि सुरुवातीला तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून मासा कुठूनही आणलेला असो, दोन ते चार आठवडे त्याचा मुक्काम वेगळा हवा. त्यासाठी वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर आणि वर झाकण एवढं पुरतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"ऑनलाइन स्वस्त पडतं." एका माशाला आणि दहा माशांना पॅकिंगचा आणि पाठवणीचा खर्च जवळपास सारखाच येतो. एकट्यादुकट्या गप्पीसाठी दुकानच परवडतं.

"फोटोत दिसतो तसाच मासा येतो." फोटो बहुधा निवडक प्रौढ नराचा असतो, खोक्यातून येतं ते पिल्लू.

"रंग झळझळीत म्हणजे तब्येत उत्तम." आपल्या नद्यांतल्या पारदर्शक काचमाशाला सुईने रंग टोचून जगभर विकलं गेलं आहे.

"टाकी लहान असली की मासा लहानच राहतो." तो खुरटतो. साधा कॉमेट गोल्डफिश नीट वाढला तर फूटभर होतो.

"विकले जाणारे सगळे मासे पैदास केलेलेच असतात." राजीव राघवन, नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 'बायॉलॉजिकल कन्झर्वेशन'मध्ये मांडलं की 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यात आलेल्या 30 जातींचे पंधरा लाखांच्या आसपास गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले. 'मिस केरळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पश्चिम घाटातल्या सह्याद्रिया माशांचा त्यात मोठा वाटा होता.

"नकोसा झाला तर नदीत सोडावा, पुण्य लागतं." दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आता उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो आणि 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

ऑनलाइन की दुकान हा वाद मिटवायला दोन छोट्या गोष्टी पुरतील आणि त्या गिऱ्हाइकांनी आता मागायला हव्यात. दुकानदाराने प्रत्येक टाकीवर माल आल्याची तारीख खडूने लिहावी. ऑनलाइन विक्रेत्याने मासे किती दिवसांपासून आपल्याकडे आहेत, शेवटचं खाणं कधी दिलं आणि आपल्या पाण्याचा पीएच नि टीडीएस किती, हे माशाच्या किमतीशेजारीच छापावं.