सायकलीचा सोबती

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आमच्या सीमाभागातील मुलांना सायकलीचा सोबती शोधावा लागत नाही; तो वाटेवर उभाच असतो. खेड्यातून मोठ्या गावच्या शाळेकडे निघाले की पहिल्या वस्तीपाशी एक मिळतो, पुढच्या फाट्यावर आणखी दोघे मिळतात, आणि शाळेच्या फाटकातून आत येतो तो घोळका. २००६-०७ पासून कर्नाटक शासनाने सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींना विनामूल्य सायकली देण्यास आरंभ केला. ज्या मुलींना एकटीने धाडण्यास घरचे धजत नसत, त्या चौघी-पाचजणी मिळून येऊ लागल्या. करोनाच्या वर्षांत ते वाटप थांबले. परंतु सोबतीने सायकल चालविण्याची सवय एका संपूर्ण पिढीला लागली, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

हीच मुले पुढे नोकरीसाठी हैदराबाद, पुणे, बंगळूरला जातात. तेथे सायकल विकत मिळते. सोबती मिळत नाही. एकाच मजल्यावर चार बिऱ्हाडे, पण शेजारच्या दारावरील पाटीही कोणी वाचलेली नसते. मग आपले लोक प्रथम मराठी मंडळाकडे वळतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु जो आपली भाषा बोलतो तो आपल्या चालीने सायकलही चालवील, असे मात्र नाही.

या संदर्भात शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतील दोन प्रवास आठवतात. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले. एका शहरातले, एका समाजाचे, एकाच व्यायामसंस्थेतले हे मित्र. यापरता जुळलेला संच कोठून मिळणार? तरीही आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. उरलेल्यांपैकी एकाने तेहरानहून घर गाठले, एक अमेरिकेतच स्थायिक झाला. त्यात कोणाला दोष द्यावा असे काही नाही. वाट लांबली की प्रत्येकाचे मन वेगळ्या ठिकाणी थांबते, इतकेच.

दुसरा प्रवास फ्रामरोझ दावर यांचा. हे क्रीडा-पत्रकार १९२४ च्या जानेवारीत मुंबईहून एकटेच निघाले. कित्येक महिने एकट्याने पेडल मारीत ते व्हिएन्नाला पोहोचले. त्या परक्या महानगरात त्यांना गुस्ताव श्तावियानिक नावाचा ऑस्ट्रियन तरुण भेटला. धर्म वेगळा, भाषा वेगळी, अन्न वेगळे. पण पुढली सुमारे सात वर्षे दोघांनी एकत्र प्रवास केला. सहारा वाळवंट ओलांडले, ॲमेझॉनच्या अरण्यातून वाट काढली. आमच्या मते या दोघांचे नाव शाळेच्या क्रमिक पुस्तकात यावयास हवे होते. असो.

भाऊभाऊ उत्तम सोबती होऊ शकत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यातील गंमत अशी की, अशा गटात एक जण चालवितो तेव्हा दुसरा विसावा घेतो. म्हणजे सोबत असूनही शेजारी-शेजारी चालविणे फारसे होतच नाही. दुसरा थकला आहे हे त्याने न सांगता ओळखणे, हाच तेथे सोबतीचा अर्थ.

शहरात राहणाऱ्या वाचकांनी शोध कोठे घ्यावा? हैदराबादेत बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरांचा, वर सौरपट्ट्यांचे छप्पर असलेला सायकलमार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये खुला झाला. अशा ठिकाणी पहाटे नेमाने येणारे चेहरे आठवडाभरात ओळखीचे होतात. सायकलदुरुस्तीच्या दुकानदाराला विचारावे. कोण कोठे राहतो आणि किती वाजता निघतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. मोठ्या शहरांतून सायकलस्वारांच्या संस्था २०० किलोमीटरांच्या फेऱ्या योजतात. साडेतेरा तासांत अंतर कापावयाचे असते. नवख्याने मात्र तेथून आरंभ करू नये. प्रथम दहा-पंधरा किलोमीटर बरोबर जावे आणि पाहावे: हा चढावर मागे वळून पाहतो का? सिग्नलला थांबतो का? पंक्चर झाले तर घड्याळ पाहतो की पंप काढतो? सायकल किती हजारांची आहे, हा प्रश्न सर्वांत शेवटी.

आमचा एक जुना विद्यार्थी हैदराबादेत एका कंपनीत आहे. त्याने मंडळातील दोघांबरोबर प्रयत्न करून पाहिला. एक वाऱ्यासारखा पुढे निघून जाई. दुसरा तर पहाटे उठतच नसे. अखेर दुधाच्या केंद्रावर रोज भेटणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका तेलुगू गृहस्थांशी त्याचे जमले. आमच्या बिदरकडच्या पोरांना मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू येतेच. त्यामुळे अडचण पडली नाही. वयात तीस वर्षांचे अंतर, पण चाल एक. पहिल्याच आठवड्यात त्या गृहस्थांनी याचा रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आपल्या खिशात ठेवला. याला ते थोडे अतीच वाटले होते.

गेल्या पावसाळ्यात वाळूवरून चाक घसरून हा पडला, मनगट मोडले आणि शुद्ध हरपली. रुग्णालयात नेले ते त्यांनीच. आणि ती चिठ्ठी तेथे उपयोगी पडली. दिवाळीला गावी आला तेव्हा मनगट पुष्कळ सुधारले होते. “गुरुजी, आईला पडल्याचं सांगू नका,” म्हणाला. आईला ते केव्हाच कळले होते. कारण चिठ्ठीवरचा क्रमांक तिचाच होता. आता माघात दोघे मिळून हैदराबाद ते बिदर हे सुमारे १४० किलोमीटर अंतर, वाटेत एक मुक्काम करून, सायकलीने यावयाचे ठरवीत आहेत. आईने आम्हाला एवढेच विचारले, “ते काका ज्वारीची भाकरी खातात का हो, गुरुजी?”