धुराचा जमाखर्च : मुंबईची उत्सर्जन-गणना

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या अर्थसंकल्पात रस्ते, पाणीपुरवठा, रुग्णालये, शाळा यांवरील जमाखर्चाचे आकडे दरवर्षी मांडले जातात आणि त्यांची छाननीही होते. या परिचित हिशेबाच्या जोडीला अलीकडे आणखी एक हिशेब आला आहे. नगरीतून वर्षाकाठी किती हरितगृह वायू वातावरणात सोडले जातात, कोणत्या कारणाने सोडले जातात आणि ते कमी करण्याची जबाबदारी कोणाची, याचा हा हिशेब होय. मार्च २०२२ मध्ये ‘मुंबई हवामान कृती आराखडा’ जाहीर झाला, तेव्हा २०१९ या वर्षाची गणना त्याच्या पायाशी होती. त्या गणनेनुसार मुंबईचे वार्षिक उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे माणशी सुमारे १.८ टन इतके होते. २०२० हे टाळेबंदीचे वर्ष आधारभूत धरले असते, तर पुढची प्रत्येक तुलना फसवी ठरली असती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

या खटाटोपाची मुंबईस गरज का भासावी, हे २६ जुलै २००५ चा दिवस ज्यांनी पाहिला त्यांना सांगावे लागू नये. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सात बेटांमधील खाड्या बुजवून उभ्या राहिलेल्या या नगरीत अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की पाण्यास वाट उरत नाही. मात्र येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मुंबईने आपले उत्सर्जन घटविले म्हणून मुंबईवरचाच पाऊस आवरेल, असे नव्हे. वातावरण साऱ्या जगाचे एकच आहे. एका नगरीच्या बचतीचा लाभ सर्वांत वाटला जातो आणि इतरांच्या उधळपट्टीचा भार तिच्यावरही पडतो. म्हणूनच प्रत्येकाचा वाटा चोख मोजला जाण्यास महत्त्व आहे.

मोजणी कशी होते

उत्सर्जनाचे हे आकडे कोणत्याही यंत्राने हवेत मोजलेले नसतात. ते गुणाकाराने काढले जातात. किती इंधन जळले, किती वीज वापरली गेली, किती कचरा साठला हे प्रथम शोधावयाचे व त्यास ठराविक गुणकाने गुणावयाचे, अशी ही रीत आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरपासून सुमारे ४२ किलो निघतो. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२२-२३ साठी तो युनिटमागे सुमारे ०.७२ किलो होता. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून त्याचे वजन त्या पटीने वाढवून लिहिले जाते. सर्व वायू अशा रीतीने एकाच मापात आणल्यावरच त्यांची बेरीज करता येते.

गुणाकार सोपा असला तरी आकडे गोळा करणे सोपे नाही. मुंबईत बेस्ट उपक्रम, टाटा पॉवर, अदानी इलेक्ट्रिसिटी आणि मुलुंड-भांडुप भागात महावितरण असे चार वीज वितरक आहेत. पेट्रोल व डिझेलच्या विक्रीची माहिती तेल कंपन्यांकडे, नळाने येणाऱ्या गॅसची महानगर गॅसकडे, तर कचऱ्याची पालिकेकडेच असते. यांपैकी एकाही दप्तराची रचना उत्सर्जन मोजण्यासाठी झालेली नाही. शिवाय ठाण्यात टाकी भरून घेतलेली मोटार मुंबईच्या रस्त्यावर धावते आणि मुंबईत भरलेला ट्रक नाशिकच्या वाटेला लागतो. विक्रीचा आकडा हा जळलेल्या इंधनाचा अंदाज असतो, एवढेच.

हद्दीचा प्रश्न

खरी कसोटी लागते ती हद्द ठरविताना. ट्रॉम्बे येथील औष्णिक वीज केंद्र पालिकेच्या हद्दीत आहे, तर उपनगरांना वीज पुरविण्यासाठी उभारलेले डहाणूचे केंद्र आज पालघर जिल्ह्यात आहे. बोरिवलीत लागलेल्या दिव्याचा धूर डहाणूच्या आकाशात दिसतो; मग तो कोणाच्या नावे मांडावा? यासाठी वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी-४० आणि इक्ली या संस्थांनी २०१४ मध्ये शहरांसाठी एक जागतिक गणनापद्धती सिद्ध केली. तीनुसार उत्सर्जनाचे तीन गट पडतात : हद्दीच्या आत प्रत्यक्ष होणारे, हद्दीबाहेरून ग्रिडद्वारे आणलेल्या विजेमुळे होणारे, आणि नगरीच्या व्यवहारांमुळे अन्यत्र होणारे. ग्रिडला वीज देणाऱ्या केंद्राचा धूर नोंदला जातो, पण नगरीच्या बेरजेत धरला जात नाही. तिथे वापरलेली वीज धरली जाते. एकच टन दोनदा मोजला जाऊ नये, हा त्यामागील हेतू. याचा अर्थ असा की बोरिवलीच्या दिव्याचा हिशेब मुंबईच्याच खात्यावर पडतो, आणि तो न्याय्यच म्हणावा लागेल. डहाणूच्या रहिवाशांना धूर सोसावा लागतो, हे मात्र या वहीत कोठेच लिहिले जात नाही.

वाटा कोणाचा, अधिकार कोणाचा

२०१९ च्या गणनेत सुमारे ७२ टक्के उत्सर्जन इमारती व उद्योग यांतील ऊर्जावापराचे, सुमारे २० टक्के वाहतुकीचे आणि उरलेले कचऱ्याचे आहे. ऊर्जेचा वाटा एवढा मोठा असण्याचे कारण म्हणजे मुंबईला मिळणाऱ्या विजेचा फार मोठा भाग कोळशापासून येतो. नेहमीच असे नव्हते. १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, त्यामागोमाग भिवपुरी व भिरा येथील केंद्रे आली आणि सह्याद्रीवरून कोसळणाऱ्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ती केंद्रे आजही आहेत. नगरीची भूक मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर केव्हाच गेली.

वीज कशापासून करावी, हे महानगरपालिका ठरवीत नाही. येथेच आकड्यांच्या वाचनात सावधगिरी हवी. ग्रिडमध्ये सौर व पवन ऊर्जेचे प्रमाण वाढून गुणक उतरला, तर मुंबईत एकही दिवा कमी न लागता मुंबईचे उत्सर्जन घटलेले दिसेल. ते घटणे खरेच आहे, परंतु ते नगरीच्या प्रयत्नांचे फळ नव्हे. उलट, ग्रिड सुधारूनही वातानुकूलन यंत्रांची संख्या वाढल्यास सारी सुधारणा गिळली जाईल. तेव्हा ग्रिडमुळे झालेली घट आणि पालिकेच्या कामामुळे झालेली घट अहवालात वेगवेगळी दाखविली जाणे आवश्यक आहे. तसे न केल्यास हिशेब बरोबर असूनही निष्कर्ष चुकीचा निघेल.

पालिकेच्या हाती जे आहे ते अगदी थोडे नाही. रस्त्यावरील २५० वॅटचा एक सोडियम दिवा काढून १०० वॅटचा एलईडी बसविला आणि तो रोज अकरा तास जळला, तर वर्षाला सुमारे ६०० युनिट वीज व सुमारे ४३० किलो कार्बन डाय-ऑक्साइड वाचतो. पिसे-पांजरापूर येथे भातसाचे पाणी उपसणाऱ्या पंपांची कार्यक्षमता, पालिकेच्या शाळा व रुग्णालयांची छपरे, इमारतींना परवानगी देताना घालावयाच्या अटी, हेही तिच्या अखत्यारीत येते. २०२३ पासून बेस्टच्या ताफ्यात वातानुकूलित विजेच्या दुमजली बसही आल्या. कोळशाच्या विजेवर चालणारी बस धूर केवळ दुसरीकडे सोडते, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे : विजेची मोटार डिझेलच्या इंजिनापेक्षा ऊर्जेचा वापर पुष्कळच किफायतीने करते आणि शाळेसमोर उभ्या असलेल्या बसचा धूर मुलांच्या नाकात जात नाही.

कचऱ्याचा वाटा लहान, परंतु तो जवळजवळ संपूर्णपणे पालिकेच्या हातचा आहे. मुंबईत दररोज सहा हजार टनांहून अधिक कचरा गोळा होतो. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. तेथे दाबला गेलेला ओला कचरा हवेअभावी कुजतो व मिथेन सोडतो. या वायूमुळे आगीही लागतात. कांजूरमार्ग येथे बंदिस्त पद्धतीने कचरा कुजवून वायू गोळा केला जातो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे ओला कचरा सोसायटीच्या आवारातच वेगळा करून त्याचे खत करणे. त्यास यंत्र लागत नाही. सातत्य लागते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

उद्दिष्ट आणि तरतूद

आराखड्यानुसार २०१९ च्या तुलनेत उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी व २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी घटवावयाचे असून २०५० मध्ये ते निव्वळ शून्यावर आणावयाचे आहे. देशाचे उद्दिष्ट २०७० चे आहे. पहिल्या टप्प्याचा अर्थ असा की २ कोटी ३४ लाख टनांवरून सुमारे १ कोटी ६४ लाख टनांवर यावयाचे, आणि तेही नगरी वाढत असताना.

उद्दिष्टामागे पैसा उभा राहिला नाही तर ते कागदावरच राहते. नॉर्वेची राजधानी ऑस्लो हिने २०१७ पासून आपल्या अर्थसंकल्पासोबत हवामान अर्थसंकल्प मांडण्यास प्रारंभ केला. त्यात प्रत्येक उपायापुढे अपेक्षित घट आणि जबाबदार विभाग यांची नोंद असते. मुंबईने जून २०२४ मध्ये आपला पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल प्रसिद्ध केला. २०२४-२५ च्या भांडवली खर्चापैकी सुमारे १० हजार २२४ कोटी रुपये, म्हणजे सुमारे ३२ टक्के रक्कम, हवामानाशी संबंधित कामांची असल्याचे त्यात दाखविण्यात आले. मात्र अशा रकमेत पूरनियंत्रणाची कामेही येतात. ती अत्यावश्यक आहेत, पण त्यांनी उत्सर्जन घटत नाही. तेव्हा एकूण रकमेइतकेच तिच्या विभागणीकडे लक्ष पुरविणे योग्य ठरेल.

हा हिशेब महानगरांपुरताच आहे असे नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार राज्यातील नागरी स्थानिक संस्थांबरोबर ग्रामपंचायतींच्या कामाचेही मूल्यमापन केले जाते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात दिवाबत्तीचे व पाणीपुरवठ्याच्या पंपाचे वीजबिल असते आणि त्यावर वापरलेली युनिटे छापलेली असतात. मागील बारा बिलांची बेरीज करून तिला ०.७२ ने गुणले की या दोन बाबींचे वर्षाचे उत्सर्जन किलोमध्ये मिळते. शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हे काम एका तासिकेत करता येण्याजोगे आहे.