तळमजल्याचे घर : ओल आणि गारवा

तळमजल्यावर ओल चार वाटांनी येते : जमिनीतून वर चढून, पावसाच्या माऱ्याने बाहेरच्या भिंतीतून झिरपून, नळ-मोरीच्या गळतीतून आणि हवेतली वाफ गार जागी जमून. वाट बदलली की उपायही बदलतो.

गैरसमज : तळमजला म्हटला की ओल आलीच.
वस्तुस्थिती : वातीत तेल चढावे तसे जमिनीतले पाणी विटा आणि सिमेंटच्या बारीक छिद्रांतून वर चढते. जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर (डीपीसी) नीट घातला असेल, तर ते तिथेच अडते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंमी उंच हवे. मात्र पुढे अंगणात भराव टाकून पेव्हर ब्लॉक बसवले, की जोते बुजते आणि ओल त्या थराला वळसा घालून भिंतीत शिरते.

गैरसमज : भिंतीवरचा प्रत्येक डाग जमिनीच्या ओलीचा असतो.
वस्तुस्थिती : जमिनीची ओल सहसा मीटरभर उंचीपर्यंतच चढते. तिथे आडवा पट्टा दिसतो, पांढरा लोणा फुटतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. छताजवळचा डाग बहुधा वरच्या घराच्या न्हाणीघराचा असतो, तर खिडकीखालचा चौकटीच्या फटींचा. कपाटामागची काळी बुरशी अनेकदा कोंडलेल्या दमट हवेमुळे धरते.

गैरसमज : पावसाळ्यात फरशी ओलसर झाली, तर पाणी खालूनच येते.
वस्तुस्थिती : हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांच्या फरशीवर पाणी जमू लागते. अशा दिवशी खिडक्या सताड उघडल्या, तर फरशी आणखी घामेजते. परीक्षा सोपी आहे : फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवावा. पाणी प्लास्टिकखाली जमले तर ते जमिनीतले, वर जमले तर हवेतले.

गैरसमज : वॉटरप्रूफ रंग दिला की ओल मिटते.
वस्तुस्थिती : आतून दिलेला रंग ओलीचे मूळ बंद करत नाही. अडलेले पाणी रंगाला फुगे आणते किंवा भिंतीत आणखी वर सरकते.

गैरसमज : पायाला गार लागणारी फरशी म्हणजे थंड घर.
वस्तुस्थिती : एकाच खोलीतली शहाबादी फरशी आणि लाकडी पाट यांचे तापमान जवळपास सारखेच असते. दगड तळपायाची उष्णता झपाट्याने ओढतो, म्हणून तो गार लागतो. चटई अंथरली तरी फरक पडतो. शिवाय जमिनीचे तापमान हवेपेक्षा सावकाश बदलते आणि तळमजल्यावर तापणारी गच्ची नसते, त्यामुळे तिथला उन्हाळा सुसह्य जातो.

गैरसमज : एप्रिल-मेमध्ये कोरडे दिसलेले घर कोरडेच असते.
वस्तुस्थिती : उन्हाळ्यात भिंती सुकतात आणि ताज्या रंगाखाली डाग लपतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घर पाहिले, तर खरी स्थिती कळते. ते जमत नसेल, तर कपाटे सरकवून, स्कर्टिंगजवळचा गिलावा बोटाने दाबून आणि बंद खोलीतला कुबट वास घेऊन पाहावे. पावसाचे पाणी इमारतीपासून दूर वाहील असा उतार अंगणाला आहे का, हेही तपासावे.