खडखड्या : कोरड्या रानातला रोग

रब्बी ज्वारीच्या कणसात दाणे भरत असतात, काळ्या रानातल्या भेगा रुंदावत असतात, आणि वाऱ्याच्या एका झोतासरशी ताटे बुडाजवळ मोडून आडवी होतात. सोलापूर, मंगळवेढा, बीड या पट्ट्यात हे नवे नाही. ‘पाणी कमी पडलं’ म्हणून शेतकरी ते सोडून देतो. हे निदान अर्धेच आहे. पडलेले ताट बुडाशी उभे चिरून पाहावे. आतला गर कुजून नुसते धागे उरलेले असतात आणि त्यांवर कोळशाच्या भुकटीसारखे काळे कण दिसतात. हा खडखड्या. तो मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या जमिनीतल्या बुरशीमुळे होतो.

गैरसमज : बुरशीला ओल लागते, कोरड्या हवेत रोगाची भीती नाही.
तांबेरा, केवडा यांच्या बाबतीत हे बरोबर आहे. खडखड्याचे उलटे आहे. फुलोऱ्यानंतर ओल तुटली आणि जमीन तापली की तो बळावतो. 35 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान या बुरशीला मानवते. तिचे काळे कण कोरड्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात, ओल्या मातीत मात्र लवकर मरतात. म्हणजे दुष्काळ पिकाला दुबळे करतो आणि त्याच वेळी बुरशीला सांभाळतो.

गैरसमज : ताणाचे नुकसान अधिक रोगाचे नुकसान, एवढाच हिशेब.
इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. बुरशी मुळांत बरीच आधी शिरलेली असू शकते, पण जोमदार झाडात ती दबून राहते. दाणे भरू लागतात तेव्हा कणसाला साखर हवी असते. पाणी तुटल्यामुळे झाडाने पानांवरची रंध्रे मिटलेली असतात, त्यामुळे पानांत नवी साखर पुरेशी तयार होत नाही. मग झाड खोडात आणि मुळांत साठवलेली साखर उपसून दाण्यांना देते. उपाशी पडलेल्या बुडातल्या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात, त्यांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि दबलेली बुरशी वर सरकते. ती पाणी वाहणाऱ्या नळ्या निकामी करते, म्हणजे ताण आणखी वाढतो. ज्या ताटांत दाणेच भरलेले नसतात ती या रोगाला कमी बळी पडतात. मला हा पुरावा फार बोलका वाटतो. झाड हरलेले नसते, त्याने पुढच्या पिढीसाठी स्वतःचे खोड रिकामे केलेले असते.

झाडाच्या आतल्या संदेशांतही असाच पेच असतो. पाण्याच्या ताणात वाढणारे ॲब्सिसिक आम्ल अनेक वनस्पतींत सॅलिसिलिक आम्लाची रोगाविरुद्धची हाक दाबते. पण ताण म्हणजे रोगाला निमंत्रण, असा सरसकट नियम करू नये. मिटलेल्या रंध्रांतून काही जिवाणूंना आत शिरणे अवघड जाते. तंबाखूतला विषाणू रोखणारा ‘एन’ जनुक 28 अंशांच्या वर निष्प्रभ ठरतो, तर गव्हातला तांबेरा रोखणारा एक जनुक उष्णतेतच काम करतो. पीक आणि रोग यांची प्रत्येक जोडी वेगळी तपासावी लागते.

गैरसमज : युरिया जास्त टाकला की ताट भक्कम होते.
जादा नत्र आणि दाट पेरणी यांनी खडखड्या वाढतो. पानोरा मोठा होतो, जमिनीतली ओल लवकर संपते आणि नेमकी दाणे भरताना तूट पडते.

गैरसमज : दुष्काळ सोसणारे वाण रोगही सोसते.
तसे गृहीत धरता येत नाही. म्हणून पैदासकार बुरशी वाढवलेली दातकोरणी फुलोऱ्यानंतर ताटात खोचतात, पाणी तोडतात आणि मग कोणते वाण उभे राहते ते पाहतात. दाणे भरेपर्यंत पाने हिरवी ठेवणारे वाण अशा कसोटीत सरस ठरतात. फेरपालटावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण ही बुरशी हरभरा, सोयाबीन, सूर्यफूल धरून पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगते.

ताटे कलू लागल्यावर पानांवर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसा वाया घालवणे. रोग मुळांत आणि बुडाच्या आत असतो. तोच पैसा ओल राखण्यावर घालावा. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात पेरणी करावी, वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडावे, ताटांची दाटी विरळणीने कमी करावी. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे चालवून भेगा बुजवाव्यात. विहिरीला पाणी असेल तर पोटरीच्या किंवा फुलोऱ्याच्या वेळी एक तरी पाळी द्यावी. एवढे करूनही ताटे पडू लागली तर दाण्याच्या खालच्या टोकाशी काळा ठिपका शोधावा. तो दिसला की दाणा आणखी भरत नाही. त्यानंतर पीक उभे ठेवले तर पडझडीत कणसेही जातात आणि कडबाही, म्हणून लगेच काढणीला लागावे.