एकमार्गी काचतंतू

श्रोतेहो, या क्षणी मी बोलतो आहे आणि आपण ऐकत आहात. माझे म्हणणे आपणांस पटले नाही, तरी आपला निषेध घरच्या रेडिओतून माझ्यापर्यंत पोचावयाचा नाही. नभोवाणीचा हा एकमार्गी स्वभाव संगणकांच्या जोडणीत मुद्दाम आणता येतो. तो कसा व कशासाठी, ते आज सांगावयाचे आहे.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा वेळी नदीची पातळी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या लोकांस घटकेघटकेला कळावी, हे उघड आहे. समजा, पातळी मोजणाऱ्या संगणकाच्याच हाती पाण्याचे पंपही आहेत. आकडा बाहेर जावा म्हणून त्यास इंटरनेटशी जोडले, तर त्याच वाटेने परक्याचा हुकूम आत शिरावयाचा. ही भीती पोकळ नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनात घुसखोरांनी वीजकंपन्यांच्या संगणकांचा ताबा घेऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली होती. फायरवॉल नावाचा पहारेकरी ठेवता येतो खरा. परंतु तोही आज्ञावलीचाच बनलेला, आणि त्याची चूक सापडली की तो फितूर होतो.

काचतंतूच्या जोडणीत बहुधा दोन धागे असतात. प्रत्येक यंत्रास प्रकाश टाकणारे एक अंग व टिपणारे दुसरे. परतीचा धागा जोडलाच नाही, तर उलट येण्यास वाटच उरत नाही. टिपणारे अंग कोणाच्याही हुकुमाने प्रकाश टाकू शकत नाही. मात्र एकाच धाग्यातून दोन निरनिराळ्या तरंगलांबींचा प्रकाश दोन्ही दिशांना नेणारी यंत्रेही मिळतात. ती येथे घेऊ नयेत.

एवढ्याने काम व्हावे, पण होत नाही! टिपणाऱ्या अंगावर प्रकाश दिसेना, म्हणजे तार तुटली असे समजून पाठविणारे यंत्र बहुधा मुकाट बसते. त्यास तोड अशी की, त्याच्याच शेजारी तिसरे एक साधे मीडिया कन्व्हर्टर ठेवून त्याचा प्रकाश त्या अंगावर सोडावा. या तिसऱ्यास दुसरी कोणतीही तार जोडू नये. नाहीतर बंद केलेले दार आपणच उघडल्यासारखे होईल. गिगाबिट यंत्रांत वेगाची आपोआप होणारी वाटाघाटही बंद करावी लागते.

पुढची अडचण शिष्टाचाराची. संगणक आधी समोरच्या यंत्राचा पत्ता विचारतो. उत्तर यावयाचे नसल्याने तो पत्ता हाताने लिहून ठेवावा. टीसीपी ही नेहमीची पद्धत पोच मागते, म्हणून ती निरुपयोगी. यूडीपी पोच न मागता पाठविते, ती घ्यावी. पण वाटेत हरवलेले पुन्हा मागता येत नाही. शाळेत श्रुतलेखन घालताना मी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत असे. तसाच प्रत्येक आकडा दोनतीनदा, अनुक्रमांक व वेळ घालून पाठवावा.

दुरुस्तीसाठी पेनड्राइव्ह घेऊन आत गेलेल्या माणसास काचतंतू अडवीत नाही, हेही ध्यानात असावे.

आणखी एक धोका मला सर्वांत मोठा वाटतो. तंतू तुटला, तर नदीकाठच्या संगणकास त्याचा पत्ताही नसतो. तो आकडे पाठवीतच राहतो. इकडे पडद्यावर तासापूर्वीची पातळी तशीच झळकते आणि लोक तिच्यावर विसंबतात. म्हणून ठरलेल्या मिनिटांत नवा आकडा न आल्यास घेणाऱ्या संगणकाने जुना पुसून 'माहिती येत नाही' असे दाखवावे, आणि कोणीतरी दूरध्वनी करून नदीवरच्या माणसास पट्टी वाचावयास सांगावे.