चाफळचं राऊळ आणि मागचा मारुती

आम्ही म्हसवडची माणसं, माणगंगेच्या कोरड्या पात्राकाठी वाढलेली. उंब्रजला महामार्ग सोडून चाफळच्या खोऱ्यात शिरलं, की हा आपलाच सातारा जिल्हा का, असं दर वेळी वाटतं. मांड नदी, चहूकडे डोंगर आणि मध्ये समर्थ रामदासांचं राममंदिर. कृष्णेच्या अंगापूरच्या डोहातून काढलेल्या राममूर्तीची समर्थांनी इथे 1648 साली स्थापना केली. इथल्या मठाचा कारभार दिवाकर गोसावी पाहत. संप्रदायाचा पुढचा पसारा इथूनच वाढला.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यात घरंच्या घरं झोपलेल्या माणसांवर बसली. चाफळचं राऊळही त्या तडाख्यात सापडलं. माणसांचीच घरं पडलेली असताना देवळाकडे कोण बघणार? पण उद्योगपती अरविंद मफतलाल पुढे झाले आणि 1972 मध्ये मंदिराचा जीर्णोद्धार झाला. आज दिसतं ते रूप त्याच कामाचं. ते झालं नसतं तर इथे चौथराच उरला असता, म्हणून त्या माणसाचे उपकार मी मनापासून मानतो. तरीही तीनशे वर्षं हात लागून गुळगुळीत झालेला दगड पुन्हा घडवता येत नाही, ही हळहळ जात नाही.

समर्थांच्या काळची मारुतीची दोन्ही देवळं मात्र भूकंपातून तरली. रामासमोरचा दासमारुती हात जोडून उभा. राऊळाच्या मागच्या बाजूला प्रतापमारुती: शेपटी डोक्यावर गेलेली, पायाखाली राक्षस, कमरेच्या मेखलेला एवढीशी घंटा. ती घंटा बघायला मी नेहमी वाकतो. ही देवळं लहान, ठेंगणी. जमिनीला धरून बसलेल्या बांधकामाला हादरा कमी जाणवतो, हे गवंडी सांगतात ते इथे पटतं. जुनं काम कसं होतं ते बघायचं, तर आता याच भिंतींपाशी यावं लागतं. त्यांना रंगसफेदी करतानाही जाणत्याला विचारूनच हात लावावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

संक्रांतीला सीतामाईच्या यात्रेला गावोगावच्या बाया चाफळला येतात. सुगडं, तिळगूळ, ऊस, बोरं घेऊन एकमेकींना ववसतात. राऊळ नवं की जुनं, हे त्यांच्यातली एकही विचारत नाही. हळदीकुंकवाची बोटं पायरीला पुसून त्या मारुतीकडे वळतात.