पहिली दुर्बीण घेताना

पावसाळा सरून आकाश निवळले, की अनेक घरांत दुर्बिणीचा विषय निघतो. मुलाने शनीच्या कड्यांचे छायाचित्र पाहिलेले असते आणि दुकानात तसेच चित्र छापलेले खोके समोर असते. खोक्यावर ठळक आकडा असतो : '५२५ पट'. पहिल्या खरेदीतली फसगत बहुधा या आकड्यापासूनच सुरू होते.

वस्तू किती पट मोठी दिसते, हा दुर्बिणीचा मुख्य गुण नव्हेच. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले, की हा आकडा मिळतो. ७०० मि.मी. भागिले १० मि.मी., म्हणजे ७० पट. कमी अंतराची नेत्रिका लावून तो हवा तेवढा फुगवता येतो. पण गोळा झालेला प्रकाश तेवढाच असल्याने प्रतिमा मोठी होताना अंधूक आणि धूसर होत जाते. व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, ही व्यवहारातली मर्यादा. ६० मि.मी.च्या दुर्बिणीने १२० पटींपुढे जाण्यात अर्थ नाही.

तेव्हा दुकानदाराला विचारायचा तो व्यास. ६० मि.मी.च्या तुलनेत १५० मि.मी.ची दुर्बीण सहा पटींहून अधिक प्रकाश गोळा करते. एवढे मोठे भिंग महाग पडते. म्हणून न्यूटनने १६६८ मध्ये केली तशी आरशाची, म्हणजे परावर्ती दुर्बीण परवडते. अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी ती साध्या लाकडी बैठकीवर बसविण्याची पद्धत रूढ केली. दिसायला ओबडधोबड, पण भक्कम! डगमगत्या तिपाईवर शनी क्षणभरही स्थिर राहत नाही आणि अशी दुर्बीण लवकरच माळ्यावर जाते.

अपेक्षाही माफक हव्यात. छायाचित्रातील रंग डोळ्यांना दिसत नाहीत. मृगातील तेजोमेघ करड्या धुक्यासारखा भासतो. शहरातील गच्चीवरून चंद्र आणि ग्रह उत्तम दिसतात, अंधूक दीर्घिकांसाठी मात्र गावाबाहेर जावे लागते.

घाई नसेल, तर आधी १० पटींची, ५० मि.मी. व्यासाची द्विनेत्री घेणे शहाणपणाचे. तिच्यातून चंद्रावरील विवरे, कृत्तिकांचा पुंजका आणि, हात स्थिर असेल तर, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्रही दिसतात. पुढे मोठी दुर्बीण आली, तरी ती अडगळ ठरत नाही. पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ अशा संस्थांच्या आकाशदर्शनात निरनिराळ्या दुर्बिणींतून एकदा पाहून घेतले, तर निवड बरीच सोपी होते.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या दिवशीच करावी. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसवायची काळी सूर्यकाच येते. एकवटलेल्या उष्णतेने ती पाहता पाहता तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलाच्या हाती दुर्बीण देण्यापूर्वी ती काच काढून फेकून द्यावी.